बारा चौकोन

ट्वोरोयरीच्या शाळेत, हस्तकलेच्या वर्गात,
आम्ही चौघं, आणि कॉफी करायला बियोर्ग.
साडेतीनलाच काळोख झाला; आता साडेपाच.
खुर्च्या दहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या,
त्यामुळे सगळ्यांचे गुडघे टेबलाच्या वर
आणि येत्या वर्षाचा कागद गुडघ्यांच्या मधे.

होगनीने पट्टीने आखलेत बारा चौकोन.
आधी मागच्या वर्षीचा काढू, म्हणाली मार्युन,
आणि सगळे एकदम कॉफीकडे वळले.
ठरलं होतं: पन्नास हजार माणसांच्या या भाषेत
ज्ञानकोशाला वर्षभरात हजार नव्या नोंदी.
झाल्या एकशे बारा.
त्यातल्या चाळीस मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांच्या,
त्याही एकट्या तुरीने केलेल्या,
पाय मोडून घरी बसली तेव्हा.
"यंदा कुणाचा मोडायचा?" होगनी विचारतो.
हे मी इतिवृत्तात लिहीत नाही.

फेब्रुवारी: वाऱ्यांची नावं गोळा करणे.
मार्च: छपरांवरच्या गवताचे फोटो, पाऊस थांबला तर.
एप्रिल: नवख्यांसाठी शिकवणी; नवखे कोण ते नंतर बघू.
मे महिन्यात मेंढ्या वितात, मे सोडा.
जुलै सरताना ओलावसोका,
सगळं बेट राजधानीत, नाचून घसा बसलेलं.
ऑगस्टात गवत कापायचं.
ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खाली येतात,
तेव्हा ज्ञानकोश हा शब्द काढला
तर लोक नुसते रक्ताळलेले हात वर करून दाखवतात.
मग उरलं काय?
"आपलं सगळं ज्ञान काळोखातलं आहे,"
म्हणाली तुरी, आणि तिला जांभई आली.

घोडं अडलं सप्टेंबरपाशी.
सहा वर्षं त्या चौकोनात एकच ओळ असायची:
होड्या — हानुस.
नाळ, बरगडी, वल्ह्याची खुंटी,
पाणी उपसायचं लाकडी भांडं;
प्रत्येक गावाचा शब्द निराळा
आणि हानुसला सगळी गावं पाठ.
नोव्हेंबरात त्याला पुरलं
तेव्हा वारा इतका, की प्रार्थना ऐकूच आली नाही.
होगनीची पट्टी कागदावर थांबून राहिली.
नाव खोडायचं, की ओळ?

मार्युनने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.
हानुसच्या खात्यावरून, डिसेंबरात,
सदतीस बदल.
सगळे पहाटे चार ते पाचच्या दरम्यान.
कुठे एक स्वल्पविराम.
एका फोटोखाली: डावीकडचा मुलगा भाऊ नव्हे, शेजारी.
बंदरावरच्या शेडच्या नोंदीत
'इथे होड्या बांधतात' होतं,
तिथे आता 'बांधत असत'.

सिंकपाशी कप विसळायचा आवाज थांबला.
दर बैठकीला त्याच्याबरोबर यायची ती, केक घेऊन.
यंदाही आली, तेव्हा आम्हाला वाटलं,
केकची सवय.
"परवलीचा शब्द होडीचं नाव आहे,"
बियोर्ग पाठमोरीच म्हणाली.
"खूप चुका करायचा तो.
जिवंतपणी दाखवल्या असत्या तर भांडला असता."

एका खात्यामागे एकच माणूस,
हा नियम मार्युननेच लिहिलाय.
तिने तोंड उघडलं,
आणि त्यात केकचा तुकडा घातला.
"तुझ्या नावाने खातं काढू या ना," मी म्हणालो.
"माझ्या नावाने काय लिहू?
मला फक्त चुकलेलं दिसतं."

मग होगनीची फेरी सुटायची वेळ झाली,
आणि पेन त्याच्याच खिशात गेलं.
नोव्हेंबर-डिसेंबर आम्ही पेन्सिलीने भरले, घाईत,
हजाराच्या जागी तीनशे.
तुरी म्हणाली, दीडशे लिही, कोण बघतंय.

इतिवृत्त मी रात्री चढवलं.
सप्टेंबरपुढे लिहिलं: निर्णय प्रलंबित.
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी त्यात एक बदल झालेला,
हानुसच्याच खात्यावरून:
ओलावसोकाची तारीख मी एका दिवसाने चुकवली होती.
सप्टेंबरला हात लावलेला नाही.